फिजिक्सची वाट विचारत विचारत

बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलंय असं सांगितलं की घरात पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘मग बी.एड. कधी?’ मामू विचारतात, शेजारच्या खाला विचारतात, कधी कधी कॉलेजातले सरही तेच विचारतात. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. डॉक्टर, इंजिनिअर, फार्मसी, शिक्षकाची नोकरी, आखाती देशातली नोकरी या वाटांवरून मोहल्ल्यातलं कुणी ना कुणी गेलेलं असतं. फी किती, फॉर्म कधी निघतो, कुणाला भेटायचं, हे सगळं तोंडी ठाऊक असतं. फिजिक्समध्ये पीएच.डी. करायला कुणी गेलेलं नसतं, म्हणून अशी वाट आहे हेच आपल्याला दिसत नाही.

प्राध्यापकाच्या घरातल्या मुलीला जेस्ट, जेआरएफ, पोस्टडॉक हे शब्द जेवताना कानावर पडून कळतात. परभणीच्या गॅरेजवाल्याच्या किंवा मालेगावच्या यंत्रमाग कामगाराच्या मुलीला ते कळतात तोवर फॉर्मची तारीख उलटून गेलेली असते. दोघींच्या हुशारीत फरक नसतो, फरक असतो तो माहितीत. आणि ही माहिती वारशाने मिळाली नसेल, तर ती विचारूनच मिळवावी लागते. फिजिक्सच्या पीएच.डी.ला प्रवेश मिळवणं आणि तिथे टिकणं, या दोन्हींसाठी आपल्या मुलामुलींनी सगळ्यात आधी विचारायला शिकलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

घोडं अडतं ते नेमकं इथे. मोठ्यांसमोर गप्प राहणं म्हणजे अदब, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलं जातं. सरांना उलट प्रश्न विचारला की तो बेअदब ठरतो. सभासंमेलनांत मात्र आपण इब्न अल-हैथमचं नाव मोठ्या अभिमानाने घेतो. हजार वर्षांपूर्वी प्रकाशावर प्रयोग करणारा हा माणूस. त्याने टॉलेमीसारख्या पूजनीय आचार्याच्या चुका दाखवणारा एक ग्रंथ लिहिला आणि त्याच्या नावातच ‘शंका’ हा शब्द ठेवला. त्याचा वारसा सांगायचा असेल तर शंका काढायची सवयही घ्यावी लागेल. आदर ठेवून प्रश्न विचारता येतो, हे घरात आणि वर्गात दोन्हीकडे रुजवायला हवं.

आधी पैशाचं

पीएच.डी. म्हणजे आणखी पाच-सहा वर्षं घरातून पैसे मागायचे, हा सर्वात मोठा गैरसमज. देशातल्या चांगल्या संस्थांत फिजिक्सची पूर्णवेळ पीएच.डी. करणाऱ्याला दरमहा फेलोशिप मिळते. जानेवारी २०२३पासून केंद्र सरकारच्या जेआरएफचा दर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये आहे. वसतिगृहात खोली नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा. या पैशात श्रीमंती येत नाही, आणि पैसे कधी कधी दोन-तीन महिने उशिरा जमा होतात, हेही माहीत असू द्या. पण ‘शिकतोय की कमावतोय’ या अब्बूंच्या प्रश्नाला ‘दोन्ही’ असं उत्तर देता येतं.

अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्र सरकारने २०२२-२३पासून बंद केली. त्यावरची नाराजी रास्त आहे आणि ती मांडत राहायला हवी. पण ‘आता आपल्यासाठी काही उरलंच नाही’ असा अर्थ त्यातून काढू नका. सीएसआयआर-नेटची जेआरएफ सर्वांसाठी खुली आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्था, आयसर, आयुका किंवा बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था इथे प्रवेश मिळाला की फेलोशिपची सोय सहसा होतेच.

आणखी एक कागद वेळेत काढा. महाराष्ट्रात मुस्लिमांमधल्या बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या ओबीसींच्या यादीत आहेत. तरी कित्येक विद्यार्थी खुल्या गटातून फॉर्म भरतात, कारण घरात कुणी जातीचा दाखला काढलेलाच नसतो. राज्याची यादी आणि केंद्राची यादी वेगळी असते. नॉन-क्रिमी लेअर प्रमाणपत्राचा केंद्राचा नमुनाही वेगळा असतो. दोन्ही याद्या तपासा आणि तहसीलच्या फेऱ्या परीक्षेच्या सहा महिने आधी सुरू करा. ओबीसीत बसत नसाल आणि उत्पन्न मर्यादेत असेल, तर ईडब्ल्यूएसचा दाखला निघतो का तेही विचारा.

कोणती परीक्षा, कधी

बी.एस्सी.नंतर चांगल्या ठिकाणी एम.एस्सी. किंवा एकत्रित पीएच.डी. करायची असेल तर ‘जॅम’. तिचे फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरले जातात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात पीएच.डी.साठी चार दारं आहेत: टाटा संस्थेची स्वतःची प्रवेश परीक्षा, जी साधारण डिसेंबरमध्ये होते, फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराची ‘जेस्ट’, जिचे गुण देशातल्या डझनाहून अधिक संशोधन संस्था बघतात, फेब्रुवारीतली ‘गेट’, आणि वर्षातून दोनदा होणारी नेट. टाटा संस्थेच्या परीक्षेला आणि जेस्टला एम.एस्सी.च्या आधीही एकत्रित पीएच.डी.साठी बसता येतं. तारखा दरवर्षी थोड्या मागेपुढे होतात. म्हणून ऑगस्टमध्येच चारही संकेतस्थळं उघडून वहीत तारखा लिहून ठेवा. जॅम आणि गेटची फी मुलींना जवळपास निम्मी असते, हे घरी आवर्जून सांगा.

अभ्यासाबद्दल एकच गोष्ट सांगतो. आपल्या विद्यापीठांच्या परीक्षा नोट्स पाठ करून पास होता येतात, या परीक्षा येत नाहीत. इथे गणित सोडवावं लागतं. अकरावी-बारावीचं राहिलं असेल तर एच. सी. वर्मांपासून सुरुवात करा, त्यात कमीपणा नाही. मग विद्युतचुंबकत्व आणि क्वांटम यांसाठी ग्रिफिथ्स, सांख्यिकी भौतिकीसाठी राइफ. धड्यामागची उदाहरणं सुटली नाहीत तर तो धडा झाला असं समजू नका. एनपीटीईएलवर आयआयटीतल्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा, आणि शक्यतो तिघाचौघांत बसून. सुटलेलं गणित दुसऱ्याला समजावताना आपल्याला कुठे कळलेलं नाही ते उघडं पडतं.

गुणपत्रिकेपलीकडे

लेखी परीक्षा दारापर्यंत नेते, आत घेतात ती मुलाखतीनंतर. आणि तोवर तुम्ही वर्गाबाहेर काय केलं आहे, याला वजन असतं.

मुंबईच्या मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. बी.एस्सी.च्या सुरुवातीच्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांसाठी ते ‘नियस’ नावाचा उपक्रम चालवतं. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. पुण्यात आयुका आणि एनसीआरए सुट्टीत विद्यार्थ्यांना संशोधनासाठी बोलावतात. यांतले बरेचसे अर्ज हिवाळ्यातच भरायचे असतात आणि निवड झाली तर मानधनही मिळतं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या आसपास ती लोकांना बघायला खुली असते. एकदा जाऊन या आणि तिथे उभ्या असलेल्या संशोधकाला काहीतरी विचारा. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे, केंद्राने २०२३मध्ये तिला मंजुरी दिली. लेसर, निर्वात यंत्रणा, इलेक्ट्रॉनिक्स, संगणकीय विश्लेषण या सगळ्याला तिथे माणसं लागतील. मराठवाड्यातल्या मुलांनी ती फक्त बसच्या खिडकीतून बघावी, असं मला वाटत नाही.

उन्हाळी प्रकल्पासाठी एखाद्या शास्त्रज्ञाला ईमेल करायचा तर दहा ओळींत करा. तुम्ही कोण, त्यांचं कोणतं काम वाचलं, त्यातलं काय कळलं, काय कळलं नाही आणि तुम्हाला काय येतं. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवला की तो लगेच ओळखू येतो. दहा नेमक्या ईमेलना एक उत्तर आलं तरी ते चांगलं समजा आणि उरलेल्या नवांचा राग धरू नका.

शिफारसपत्राचा घोळ आपल्याकडे मोठा आहे. ‘विद्यार्थी हुशार, नम्र व आज्ञाधारक आहे’ या पत्राचा काही उपयोग नसतो. ‘याने प्रयोगातली चूक स्वतः शोधली, दुसऱ्या दिवशी नवीन जोडणी करून आणली’ अशा पत्राचा होतो. असं पत्र हवं असेल तर सरांना तुमच्याबद्दल सांगण्यासारखं काही माहीत असलं पाहिजे. त्यासाठी दोन वर्षं त्यांच्याकडे शंका घेऊन जावं लागतं. पत्र दीड-दोन महिने आधी मागा, सोबत तुमच्या कामाचे मुद्दे एका पानावर द्या. काही सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ तेव्हा अदबीने ते मुद्द्यांचं पान पुढे करा आणि त्यांच्या शब्दांत लिहायची विनंती करा.

उद्देशपत्रात ‘लहानपणापासून मला ताऱ्यांचं आकर्षण होतं’ हे वाक्य नको, ते सगळेच लिहितात. ‘सोलर सेलवर प्रकल्प केला’ एवढंही पुरत नाही. प्रकाश वाढवल्यावर प्रवाह जवळजवळ त्याच प्रमाणात वाढला, व्होल्टेज मात्र थोडंच वाढलं, आणि सेल तापल्यावर व्होल्टेज उलट घटलं. याचं कारण शोधताना मी काय वाचलं, असं लिहा. वाचणाऱ्याला त्यात काम करणारा माणूस दिसतो.

मुलाखत

मुलाखतीत बहुधा आधी विचारतात, ‘आवडता विषय कोणता?’ मग त्याच विषयाच्या मुळाशी नेतात. उदाहरणार्थ, लंबक चंद्रावर नेला तर त्याचा आवर्तकाल बदलेल का? आणि स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचा? गुरुत्वाकर्षण सहापट कमी, म्हणून लंबकाला सुमारे अडीच पट वेळ लागेल. स्प्रिंगचा आवर्तकाल तोच राहील, कारण त्यात गुरुत्वाकर्षण येतच नाही. सूत्र पाठ असलेला मुलगा इथे गडबडतो आणि कमी वाचलेला पण विचार करणारा तरून जातो. उत्तर येत नसेल तर ‘हे मला माहीत नाही, पण विचार करून बघतो’ असं म्हणा आणि फळ्यावर मोठ्याने विचार करा. त्यांना तेच बघायचं असतं. इंग्रजी अडखळत असेल तर अडखळू द्या. फिजिक्सच्या मुलाखतीत व्याकरणाला गुण नसतात. तरीही रोज एक पान इंग्रजीत लिहायची सवय आतापासून लावा, कारण पुढे शोधनिबंध त्याच भाषेत लिहायचे आहेत.

परदेशात जायचं तर

अमेरिकेत फिजिक्सच्या पीएच.डी.ला बहुतेक विद्यापीठं फी माफ करतात आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचं मानधन देतात. अर्ज साधारण डिसेंबरपर्यंत, तीन शिफारसपत्रं लागतात. फिजिक्सची जीआरई परीक्षा २०२०नंतर अनेक विभागांनी ऐच्छिक केली आहे, म्हणून प्रत्येक विभागाचा नियम वेगळा वाचा. अर्जाची फी जड असते, पण ती माफ करा अशी विनंती करता येते. लोक विचारत नाहीत, म्हणून त्यांना मिळत नाही. अलीकडे सरकारी निधीला कात्री लागल्याने तिथल्या काही विभागांनी जागा कमी केल्या, तेव्हा सगळी भिस्त एकाच देशावर ठेवू नका. जर्मनीत पीएच.डी.साठी आधी एम.एस्सी. लागते आणि ती जागा बहुधा पगारी असते.

इटलीतल्या त्रिएस्तेचं आयसीटीपी हे केंद्र तर आपल्यासारख्या देशांतल्या मुलांसाठीच आहे. तिथला एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा पूर्ण खर्चासह मिळतो. हे केंद्र अब्दुस सलाम यांनी १९६४मध्ये स्थापन केलं. १९५१मध्ये केंब्रिजहून ते लाहोरला शिकवायला परतले, पण संशोधनावर बोलायला आसपास कुणीच नव्हतं. १९५४मध्ये ते पुन्हा इंग्लंडला गेले. आपला देश की आपलं विज्ञान, अशी निवड दुसऱ्या कुणावर येऊ नये म्हणून त्यांनी हे केंद्र उभारलं. त्यांना १९७९मध्ये नोबेल मिळालं. एवढ्या ताकदीच्या माणसालाही एकट्याने काम करणं जमलं नाही, हे ध्यानात ठेवा.

आत गेल्यावर

प्रवेश मिळाल्यावर पहिला धक्का बसतो तो हा की इतर सगळे आपल्यापेक्षा हुशार वाटतात. त्यांनाही तसंच वाटत असतं. वर्गात प्रश्न विचारला तर आपलं कॉलेज, आपली भाषा, आपलं नाव दिसेल अशी भीती वाटते आणि आपण गप्प बसतो. सहा महिने गप्प बसलेला मुलगा सहा महिने मागे पडतो. पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न विचारून टाका, पुढचे सोपे जातात.

विषयापेक्षा गाइड जपून निवडा. त्यांच्याकडच्या सीनियर विद्यार्थ्यांना खासगीत विचारा: पीएच.डी.ला किती वर्षं लागली, कुणी सोडून गेलं का, सर किंवा मॅडम किती दिवसांनी भेटतात, चूक झाली तर कसं बोलतात, विद्यार्थी पुढे कुठे गेले. आवडता विषय आणि तापट गाइड यापेक्षा बऱ्यापैकी विषय आणि माणुसकीचा गाइड केव्हाही बरा. पायथन, लिनक्स, लाटेक या गोष्टी पहिल्याच वर्षी शिका. अर्काइव्ह या संकेतस्थळावर १९९१पासूनचे शोधनिबंध फुकट वाचता येतात. आठवड्याला एक तरी वाचा आणि काय कळलं ते चार ओळींत लिहून ठेवा. काम अडलं तर तीन आठवडे लपवू नका, तिसऱ्या दिवशी विचारा.

राहण्याचं आधी बघा. शहरात भाड्याची खोली शोधताना नाव ऐकल्यावर ‘खोली गेली’ असं उत्तर मिळणं आपल्या मुलांना नवीन नाही. त्यात महिना घालवण्यापेक्षा वसतिगृह देणारी संस्था निवडणं शहाणपणाचं. रमजानमध्ये प्रयोगाच्या वेळा थोड्या बदलून हव्या असतील तर आधी सांगा. वेळेवर सांगितलं की बहुतेक ठिकाणी मार्ग निघतो.

मुलींच्या बाबतीत प्रश्न घरातूनच सुरू होतो. ‘पीएच.डी. होईपर्यंत वय निघून जाईल’ हे वाक्य ऐकावं लागतं. त्यावर वाद घालण्यापेक्षा अम्मी-अब्बूंना एकदा संस्था दाखवा, वसतिगृह दाखवा, तिथे शिकणाऱ्या एखाद्या आपांशी बोलू द्या. फेलोशिप मुलीच्या स्वतःच्या खात्यावर जमा होते, हे कळलं की बोलण्याचा सूर बराच बदलतो. लग्न ठरलंच तर शिक्षण पूर्ण करण्याचं बोलणं आधी आणि सगळ्यांसमोर व्हावं.

प्रत्येकाने पीएच.डी. करावी असं मात्र मी म्हणणार नाही. प्राध्यापकाच्या कायम जागा कमी आहेत. पीएच.डी.नंतरही दोन-तीन वर्षांच्या पोस्टडॉकच्या नोकऱ्या कराव्या लागतात. घर तुमच्या एकट्याच्या कमाईवर चालणार असेल तर हिशेब नीट मांडा. एम.एस्सी.नंतर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षणाची वाट आहे, डेटा आणि सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या आहेत. माहिती घेऊन नाही म्हणणं वेगळं आणि माहितीच नसल्यामुळे राहून जाणं वेगळं.

शेवटी एक मागणी समाजातल्या मोठ्यांकडे. दर जूनमध्ये गावोगाव गुणवंतांचे सत्कार होतात. शाल, ट्रॉफी, फोटो, बिर्याणी. त्यातल्या एका सत्काराच्या खर्चात एका मुलीचे चारही परीक्षांचे फॉर्म आणि मुलाखतीला जायचं रेल्वेचं तिकीट निघेल. आपल्या संघटनांनी, ट्रस्टनी असा छोटा निधी सुरू करावा. आपल्यापैकी जे संशोधनात आहेत त्यांनी महिन्यातून एका रविवारी जुन्या कॉलेजात जाऊन बी.एस्सी.च्या मुलांबरोबर गणितं सोडवावीत आणि आपला फोन नंबर फळ्यावर लिहून यावं. विचारायला माणूस मिळाला तर मुलं विचारतात.

आणि तुम्ही, जे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, या आठवड्यात दोन कामं करा. ज्या सरांचं शिकवणं आवडतं त्यांना वर्गानंतर थांबवून एक शंका विचारा. आणि वहीच्या शेवटच्या पानावर या वर्षीच्या जॅमची तारीख लिहा.